ख्रिस्ती लेखक वाचायचेत? मग प्रवचनं जरा बाजूला ठेवा

ख्रिस्ती लोकांनी लिहिलेलं काहीतरी डोक्याला खाद्य देणारं वाचायचंय, काय वाचू, हा प्रश्न मला अधूनमधून कोणी ना कोणी विचारतंच. विचारणारे दोन प्रकारचे असतात. एक आमच्याच मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, तरुण पोरं, ज्यांना रविवारचं प्रवचन आणि व्हॉट्सअॅपवर सकाळी सकाळी येणारं गुलाबाच्या फोटोवरचं वचन यापलीकडचं काहीतरी हवं असतं. आणि दुसरे बाहेरचे मित्रमैत्रिणी, ज्यांना मनापासून कुतूहल असतं पण मनात धाकधूकही असते की ही बाई आता पर्समधून धर्मप्रचाराची पत्रिका काढून हातात ठेवणार की काय. दोघांनाही मी एकच उत्तर देते की बाबांनो आधी मराठीत वाचा. त्यावर दोघांचाही चेहरा सारखाच होतो. मराठीत आहे काही?

आहे म्हणजे काय, चारशे वर्षांचं आहे! पण आमच्या पोरांना इंग्लिशमधले अमेरिकन पास्टर नावानिशी माहीत असतात, त्यांचे पॉडकास्ट पाठ असतात, आणि लक्ष्मीबाई टिळक म्हटलं की "हां त्या शाळेत होत्या ना धड्यात". बाहेरच्यांना तर ख्रिस्ती आडनाव ऐकलं की आपोआप हिंदी नाहीतर इंग्लिश सुचायला लागतं, मग समोरचा माणूस सात पिढ्या नगर जिल्ह्यातला का असेना. तर ही पोस्ट दोघांसाठी. क्रम माझ्या आवडीचा आहे, इतिहासाचा नाही.

माझी कसोटी आधी सांगते म्हणजे नंतर भांडण नको. विचारी लेखक म्हणजे गोड बोलणारा नव्हे, आणि ज्याला शास्त्रातली चार वचनं ग्रीकसकट येतात तो तर नव्हेच नव्हे. मी एवढंच बघते की हा माणूस स्वतःच्या माणसांशी भांडतो का. दुसऱ्याच्या धर्मातल्या चुका दाखवायला काही लागत नाही, ते काम ढिगाने झालंय, आमच्याकडूनही आणि आमच्याविरुद्धही. पण ज्या चर्चने आपल्याला घरात घेतलं, जेवू घातलं, त्यालाच "हे मला पटत नाही" म्हणायचं आणि तरी विश्वास सोडायचा नाही, हे ज्याच्या लिखाणात दिसतं तो माझा लेखक. आणि दुसरं म्हणजे त्याला विनोद कळायला हवा, निदान थोडा तरी.

या दोन्ही कसोट्यांवर पहिला नंबर लक्ष्मीबाईंचा, त्यात वादच नाही. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने पुस्तकरूपात आलं, १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या आणि शेवटचा भाग मुलाने, देवदत्तने, पुरा केला. बाई शाळेत गेलेली नाही, लिहायवाचायला नवऱ्याने शिकवलं, आणि मराठीतलं सगळ्यात जिवंत आत्मचरित्र तिने लिहिलं. हे काही मी एकटीच म्हणत नाहीये, कुठल्याही चांगल्या वाचकाला विचारा.

सुरुवातच बघा. जवळच्या नात्यातल्या माणसाला १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्यातून वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचं वेड शिरलं, इतकं की घरात येणारी प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय आत घ्यायची नाही, पोरांनी बाहेर जाऊन कोणाला शिवायचं नाही, सगळं घर त्या धाकाखाली. दुसरा कोणी लिहिता तर यावर रडगाणं झालं असतं किंवा मग "बघा हिंदू धर्मातला कर्मठपणा" असं भाषण झालं असतं, आणि त्या काळात मिशनच्या छापखान्यातून अशी भाषणं भरपूर छापली जात होती. लक्ष्मीबाई दोन्ही करत नाहीत. बापाचं वेड सांगतात, त्यातली गंमत सांगतात, आईची झालेली फरफट सांगतात आणि पुढे जातात. पुन्हा पुन्हा वाचताना मला जाणवतं की ही बाई कोणालाही धडा म्हणून वापरत नाही, बापाला नाही, नवऱ्याला नाही, स्वतःला तर नाहीच.

आणि नवरा म्हणजे नारायण वामन टिळक. अकराव्या वर्षी लग्न झालं, आणि नवरा असा की हातात पैसे दिले तर घरी पोचेपर्यंत ते शिल्लक राहतील याची खात्री नाही, रागाने निघून गेला तर कधी परतेल याची खात्री नाही, कविता मात्र कधीही. त्याने १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि इकडे हिच्यावर आकाश कोसळलं. लहान मुलाला घेऊन ही नातेवाइकांकडे राहिली, काही काळ पंढरपुरात. आता इथे लक्ष द्या, कारण मंडळीत ही गोष्ट नेहमी घाईघाईने सांगतात, टिळक ख्रिस्ती झाले, मग लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या, हालेलुया. तसं नाहीये ते! मधे पाच वर्षं आहेत. ती नवऱ्याकडे परत आली ती धर्म न बदलता, वेगळी चूल मांडून, स्वतःचं सोवळं सांभाळत, आणि मग त्या सोवळ्याचा एकेक पदर तिच्याच हाताने, तिच्याच विचाराने सुटत गेला. जात देवाने केली की माणसाने, याचा तिने स्वतःशी काथ्याकूट केला आणि मगच १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या हुकमावरून नाही. टिळकांना घाई नव्हती असं नाही पण ही बाई कोणाच्या घाईला बधणारी नव्हती.

आमच्याकडे 'साक्ष' देण्याची पद्धत आहे, म्हणजे मी आधी कशी होते आणि प्रभूने मला कसं बदललं हे उभं राहून सांगायचं. बऱ्याच साक्षी एका साच्यातल्या असतात, आधी सगळा अंधार, मग सगळा उजेड, आणि सांगणारं माणूस मधल्या मधे हरवतं. 'स्मृतिचित्रे' वाचलं की कळतं साक्ष कशी द्यावी. ख्रिस्ती झाल्यावरही बाई तशीच तडफदार, तशीच मिश्किल, नवऱ्याशी तेवढीच भांडणारी. संक्षिप्त आवृत्तीही मिळते, पण जमलं तर आख्खंच घ्या, कारण जे गाळलंय त्यातच निम्मी मजा आहे. मराठी वाचायचा कंटाळा असलेल्या भाचरांसाठी शांता गोखल्यांनी केलेला इंग्लिश अनुवाद आहे, २०१७ चा, तो द्या खुशाल.

नवऱ्याबद्दल आता थोडं. रेव्हरंड टिळक म्हणजे फुलामुलांचे कवी हे आपल्याला पाठ्यपुस्तकाने शिकवलं आणि तिथेच त्यांना पुरून टाकलं. 'केवढे हे क्रौर्य' मधली ती जखमी पक्षीण, "क्षणोक्षणी पडे, उठे, परि बळें उडे बापडी", एवढी ओळ सगळ्यांच्या तोंडात आहे. पण त्यांची भजनं कोण वाचतं? आम्ही वाचत नाही, आम्ही गातो, 'उपासनासंगीत'मधून दर रविवारी, आणि गाताना चालीकडे लक्ष असतं, शब्दांकडे नाही. एकदा चाल विसरून नुसती वाचून बघा. ख्रिस्ताला ते गुरुमाउली म्हणतात, अगदी वारकऱ्याने विठोबाला म्हणावं तसं, आणि आपण तुकोबाच्या पुलावरूनच ख्रिस्ताच्या पायाशी आलो असं ते उघड सांगत. त्या काळच्या मिशनऱ्यांपैकी काहींच्या पोटात यामुळे कालवाकालव झाली असणार, माझी खात्री आहे.

मला टिळकांमधलं सगळ्यात भावतं ते त्यांचं शेवटचं वळण. १९१२ पासून ते 'ज्ञानोदय' या मिशनच्या पत्राच्या मराठी भागाचं संपादन करत होते, मिशनमध्ये मान होता, पगार होता, आणि १९१७ मध्ये ते सगळं सोडून त्यांनी संन्यास घेतला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. ख्रिस्ताला मानणारे सगळे त्यात यावेत, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. हे आजसुद्धा कोणी करून बघावं, कमिटीची मिटिंग लागेल दुसऱ्या दिवशी! दोन वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले आणि दरबार काही पुढे चालला नाही. पण ख्रिस्ती व्हायचं म्हणजे परदेशी व्हायचं का, चर्च परक्या पैशावर किती दिवस चालणार, हे प्रश्न त्यांनी पगार सोडून विचारले, पगार घेऊन नाही, हा फरक मोठा आहे. त्यांच्या घरी नगरला बालकवी ठोंबरे राहायचे हे तर माहीतच असेल, त्या दिवसांसाठी पुन्हा 'स्मृतिचित्रे'च उघडा, बालकवींवर लिहिलेलं त्याहून प्रेमळ मला तरी दुसरं काही माहीत नाही.

आता पंडिता रमाबाई. इथे मी थोडी लांबण लावणार आहे, कारण रमाबाईंबद्दल सगळ्यांना माहिती असते आणि वाचलेलं कोणीच नसतं. संस्कृत येणारी विदुषी, विधवांसाठी शारदा सदन, केडगावचं मुक्ती मिशन, संपलं. आमच्या लोकांनी तिला संत करून टाकलं, बाकीच्यांनी एकतर धर्म बदलला म्हणून दूर ठेवलं किंवा समाजसुधारकांच्या रांगेत फोटो लावला. तिन्ही ठिकाणी तिच्या तोंडाला कुलूप.

तर तुम्ही तिची पत्रं वाचा. १९७७ मध्ये अ. भि. शहांनी संपादित केलेला पत्रव्यवहार आहे, इंग्लिशमध्ये, आणि तो वाचताना माझी झोप उडाली होती. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. वय पंचवीस, नवरा गेलेला, लहानगी मनोरमा बरोबर, परका देश, ज्यांच्या आश्रयाला राहिली त्या मठातल्या सिस्टर्स. त्यातल्या सिस्टर जेराल्डाइन तिच्या धर्ममाता, त्यांना ती पत्रात 'आजीबाई' म्हणते, प्रेमाने, आणि त्याच पत्रात पुढे त्यांच्याशी असं कडकडीत भांडते की बस. मी एका धर्मातल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, आता तुमच्या पाद्र्यांचं दुसरं जोखड लगेच मानेवर घ्यायला मी तयार नाही, असा तिचा सूर. त्र्यैक्याबद्दल, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीबद्दल, तिला शंका होत्या, त्या तिने लपवल्या नाहीत. कोणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, बायबलमध्ये मला स्वतःला दिसलं तर मानेन.

एक प्रसंग तर मी कोणालाही ऐकवते. अंगावर घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती, तर हिचं म्हणणं की मला लॅटिन येत नाही, माझ्या देशातल्या बायकांना येत नाही, मग ते माझ्या अंगावर कशाला? घालायचंच असेल तर संस्कृत घाला! सिस्टर बिचारी चक्रावून जाते, तिला हा गर्व वाटतो. आणि चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातले बिशप लोक म्हणाले छे छे, हे तिच्या देशातल्या लोकांना आवडायचं नाही, तिची बदनामी होईल. त्यावर ही उसळली. जी बाई कलकत्त्याच्या पंडितांच्या सभेत बोललेली, जी पुण्यात पुरुषांपुढे उभी राहून व्याख्यानं देऊन आलेली, तिला हे लोक शिकवणार की हिंदुस्थानात काय चालतं! शाकाहारही तिने सोडला नाही. धर्म बदलला म्हणजे मी इंग्रज झाले असं नव्हे, हे तिला ज्या वयात कळलं होतं त्या वयात आपण नोकरीतल्या बॉससमोर तोंड उघडत नाही.

हे सगळं वाचताना एक गोष्ट मनात ठेवा की हे भांडण एका हाताने चाललंय आणि दुसऱ्या हाताने ती त्याच लोकांकडून मदत घेतेय, राहतेय, शिकतेय. आश्रित माणसाने असं बोलायला काय लागतं ते ज्यांनी आश्रयाला दिवस काढलेत त्यांना कळेल. आणि परत येऊन १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं तेव्हा चित्र उलटं, आता इकडचे सुधारक सल्लागार मंडळावर, 'केसरी' तुटून पडलेला, आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांनीही अंग काढून घेतलं. म्हणजे चर्चला ती पुरेशी ख्रिस्ती वाटत नव्हती आणि पुण्याला जरा जास्तच ख्रिस्ती वाटत होती. तिच्यावर झालेल्या टीकेत सगळीच खोटी नव्हती हेही म्हणते मी, ज्या घरांनी धर्मात ढवळाढवळ होणार नाही या भरवशावर मुली पाठवल्या त्यांची बाजू वाचायलाच हवी, नाहीतर आपणही तिला पुन्हा संतच करून ठेवू.

मराठीत तिचं वाचायचं असेल तर अमेरिकेवरचं पुस्तक घ्या, 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त', १८८९ चं. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेली ती तिथे दोन-अडीच वर्षं राहिली. आपल्याकडे प्रवासवर्णन म्हणजे धबधबा किती मोठा आणि इमारत किती उंच. हिने बायकांच्या संघटना कशा चालतात, शाळा कशा चालतात, पैसा कसा उभा राहतो, गोरे लोक काळ्यांशी आणि मूळच्या रहिवाशांशी कसं वागतात, हे सगळं टिपलं. कौतुक आहे, आंधळं नाहीये. मीरा कोसंबींनी यावर आणि एकूण रमाबाईंवर केलेलं काम इंग्लिशमध्ये आहे, तेही वाचण्यासारखं.

आणि तिचं बायबल. आयुष्याची शेवटची बरीच वर्षं तिने हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणण्यात घालवली, साध्या मराठीत, खेड्यातल्या बाईला कळेल अशा, आणि ते केडगावच्याच छापखान्यात मुक्तीच्या बायकामुलींनी खिळे जुळवून छापलं. १९२२ च्या एप्रिलमध्ये ती गेली, छापील प्रत १९२४ ची. खरं सांगायचं तर वाचायला ते मला थोडं खडबडीत वाटतं, मुळाला धरून राहण्याच्या हट्टापायी वाक्यं कुठे कुठे आखडतात. पण दुष्काळात आणलेल्या, टाकून दिलेल्या पोरींच्या हाताने तो ग्रंथ जुळवला गेला हे डोळ्यांसमोर ठेवून पान उघडलं की खडबडीतपणाचं काही वाटत नाही.

बरं, आता चारशे वर्षं म्हणाले त्याचं काय. फादर थॉमस स्टीफन्स, इंग्लंडचा माणूस, जेझुइट या कॅथलिक संघाचा पाद्री, १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये इथेच मेला. त्याचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं, रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळेच नव्हते. जवळजवळ अकरा हजार ओव्या! त्यातली "जैसी हरळांमाजि रत्नकिळा, कि रत्नांमाजि हिरा निळा, तैसी भाषांमाजि चोखळा, भाषा मराठी" ही ओवी २७ फेब्रुवारीला सगळ्यांच्या स्टेटसला असते आणि त्यातल्या कित्येकांना ती कोणाची हे ठाऊक नसतं. हरळ म्हणजे खडे, एवढं सांगून सोडते.

पण माझी सूचना आहे की त्या ओवीच्या पुढे जा. आणि पहिल्या पानापासून वाचू नका, दमून जाल, आदिपुराणात सृष्टीची उत्पत्ती, जुना करार वगैरे लांबलचक आहे. दुसऱ्या पुराणात येशूच्या जन्मापाशी उघडा आणि मोठ्याने वाचा, ज्ञानेश्वरी नाहीतर एकनाथ वाचतात तसं. येशूच्या गोष्टीत 'वैकुंठ' येतं आणि ते कानाला खटकत नाही. हा माणूस १५८३ मध्ये घरी पत्र लिहून कळवतो की इथल्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, म्हणजे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकमेकींच्या नात्यातल्या आहेत या ज्या शोधाचं श्रेय पुढे दोनशे वर्षांनी विल्यम जोन्सला मिळालं त्याची कुणकुण याला गोव्यातल्या साष्टीत बसून लागली होती.

स्टीफन्स मात्र डोळे मिटून वाचायचा लेखक नाही. ज्या गोव्यात तो ओव्या रचत होता तिथे १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं, साष्टीतली देवळं पाडली गेली होती, लोकांच्या पोथ्या बंद झाल्या होत्या. पुराणातच प्रसंग आहे की नवख्रिस्ती लोक म्हणतात आम्हाला वाचायला आमच्यासारखं पुराण द्या. का मागतात ते उघड आहे, आधीचं काढून घेतलं म्हणून. म्हणजे एकीकडे त्याला इथल्या भाषेचं खरंखुरं वेड आणि दुसरीकडे तो त्याच सत्तेच्या सावलीत काम करणारा पाद्री. काही जण पहिलंच सांगतात, काही दुसरंच. दोन्ही एकाच माणसात होतं आणि म्हणूनच त्याला वाचायला हवं. माझ्या कसोटीत, म्हणजे स्वतःच्या माणसांशी भांडणं, त्यात तो बसत नाही बहुतेक, पण एवढी भाषा येत असेल तर मी कसोटी गुंडाळून ठेवते.

बाबा पदमनजींबद्दल फार लिहीत नाही. 'यमुनापर्यटन' १८५७ चं, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून परीक्षेला येते, विधवांच्या हालांचं वर्णन अंगावर येणारं आहे आणि त्यातला उपदेश त्याहून अंगावर येणारा आहे, प्रत्येक चार पानांनी कोणीतरी कोणालातरी समजावतंय. त्यापेक्षा त्यांचं आत्मचरित्र 'अरुणोदय', १८८८ चं, ते वाचा, तिथे माणूस भेटतो. बापाला सोडून निघताना काय होतं ते त्यात आहे.

'ज्ञानोदय' हे वर येऊन गेलं. अमेरिकन मिशनने १८४२ मध्ये नगरला सुरू केलेलं. जुने अंक चाळायला मिळाले तर सगळेच चाळू नका, पुष्कळ वादावादी आहे, आमचा देव आणि तुमचा देव. पण १८५५ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये त्यात मुक्ता साळवेचा निबंध आला. फुल्यांच्या शाळेतली मांग समाजातली चौदा वर्षांची पोरगी, महारामांगांच्या दुःखावर लिहिते, आणि सरळ देवाला विचारते की आमचा धर्म कोणता ते तरी सांग, वेद ब्राह्मणांचे म्हणता तर आम्ही कशाचे? ती ख्रिस्ती नव्हती. पण त्या पत्राने तो छापला, आणि माझ्या मते त्या सबंध वर्षात त्यांनी छापलेलं सगळ्यात धार्मिक लिखाण तेच होतं. इथे आमच्या परंपरेचं एक दुखणंही दिसतं. मी वर ज्यांची नावं घेतली त्यातले टिळक, लक्ष्मीबाई, रमाबाई, सगळे ब्राह्मण घरातून आलेले. नगर जिल्ह्यातल्या गावागावात जे मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले ते महार आणि मांग समाजातले, म्हणजे आमचे पणजोबा खापरपणजोबा. त्यांचा आवाज भजनात आहे, कीर्तनात आहे, कृष्णराव सांगळ्यांसारख्यांच्या पदांत आहे, पण गद्य पुस्तकांच्या कपाटात तो फार थोडा. संशोधन करणाऱ्यांनीही धर्मांतर म्हटलं की पंडितांचीच चरित्रं उघडली.

अलीकडचं हवं असेल तर वसईला चला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा पाद्री अध्यक्ष कसा म्हणून गदारोळ झाला, धमक्या आल्या, आणि तब्येत बरी नसताना व्हीलचेअरवरून ते संमेलनाला आले. १९८३ ते २००७ ते 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते. आमच्यासारख्या प्रोटेस्टंट घरात कॅथलिक मासिक सहसा येत नाही, आमची आपापसातली सोवळीओवळी वेगळीच असतात, पण 'सुवार्ता' बाहेरच्यांनीही वाचलं कारण त्यात नुसते संत आणि सण नव्हते. वसईतल्या विहिरींचं पाणी उपसून नेणारे टँकर, हिरव्या पट्ट्यावर डोळा ठेवून असलेले बिल्डर आणि त्यांच्या मागचे गुंड, यांच्याविरुद्ध हरित वसईची चळवळ उभी राहिली त्यात फादर पुढे होते. चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे उपासना, करणारा माणूस रस्त्यावर कशाला, हा प्रश्न त्यांना त्यांच्याच लोकांनीही विचारला असणार.

त्यांचं 'सुबोध बायबल' २०१० चं, २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार त्याला आहे. रमाबाईंचं बायबल वाचून धाप लागली तर याच्याकडे या, मराठी वाहती आहे आणि टिपा अशा की अजिबात काही माहीत नसलेल्यालाही धागा सापडतो. पवित्र भूमीवरचं त्यांचं लिखाणही चांगलं, ते इस्रायलमध्ये राहून शिकलेले होते आणि ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान तिघांबद्दलही एकाच आपुलकीने लिहितात. 'नाही मी एकला' हे आत्मचरित्र मला मधे मधे सपाट वाटलं, भेटीगाठींची यादी होते, पण लहानपणच्या वसईची पानं, ती वाडी, शेत, तिथली माणसं, ती छान उतरलीत. जुलै २०२४ मध्ये फादर गेले.

वसईत त्यांच्या मागेपुढे बरेच जण लिहितात, सिसिलिया कार्व्हालो यांच्या कविता मिळाल्या तर जरूर बघा, आणि वसईच्या सामवेदी बोलीतली लोकगीतंही. लग्नात बायका म्हणतात ती गाणी, ज्यात येशू आणि मारिया आहेत आणि हळदही आहे.

सुरुवात कुठून करायची म्हणून परत मेसेज येतील म्हणून सांगून टाकते. मंडळीतल्या पोरांनी रमाबाईंची पत्रं आधी, कारण त्यांना प्रश्न विचारायची परवानगी हवी असते आणि ती पत्रं वाचल्यावर ती कोणाकडे मागायची गरज उरत नाही. बाहेरच्यांनी 'स्मृतिचित्रे'. कविता आवडणाऱ्यांनी टिळकांची भजनं, पण गाऊन नाही. स्टीफन्स पावसाळ्यासाठी ठेवा, सुट्टी असेल तेव्हा, रोज वीस-पंचवीस ओव्या, आणि घरात कोणी म्हातारं माणूस पोथी वाचणारं असेल तर त्यांच्याकडूनच वाचून घ्या, त्यांना जमतं ते आपल्याला जमत नाही.